सड्यावरची साठ कलमं

हे कधी कुणाच्या हाती लागलंच, तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर तर असं की ओळीवर बसतच नाही. नवी सून पहिल्यांदा भात लावते तेव्हा तिची रांग जशी वाकडी जाते, तसं. माझ्या लेकीच्या, रंजूच्या कॉलेजातल्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. ती फुकट जाऊ नयेत एवढ्यासाठी लिहायला घेतलं. कुणाला वाचून दाखवायचा विचार नाही.

आज सकाळपासून खालच्या रस्त्यावर एसट्या थांबतायत. मुंबईवाले उतरतायत, ट्रंका, पिशव्या, कागदात गुंडाळलेल्या मखराच्या काठ्या. गणपती चार दिवसांवर आले. भात पोटरीला आलंय, कणसं अजून पातीच्या पोटात आहेत; चालताना पायाला त्याची ओली पाती लागतात. सगळ्यांना या दिवसांत आनंद होतो, मलाही होतो. पण भादव्याचं ऊन अंगणात पडलं आणि वरून सड्याकडून ओल्या गवताचा वास आला, की मी अजून बोटांवर दिवस मोजायला लागते. हातातलं काम थांबतं. सगळं झालं, निभावलं, तरी शरीर विसरत नाही. त्याला वाटतं, अजून फॉर्म भरायचाच आहे.

सडा म्हणजे आमच्या गावाच्या डोक्यावरचं कातळाचं मैदान. उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं, पाय ठेववत नाही. भादव्यात त्याच कातळावर बोटभर उंचीची जांभळी, पिवळी फुलं येतात, जिकडे बघावं तिकडे. आठ-पंधरा दिवसांची ही शोभा. आमच्या घराचा एक तुकडा आहे वर. त्या तुकड्यानेच त्या वर्षी रंजूचं कॉलेज बुडवायला घेतलं होतं.

रंजू बारावी पास झाली ते पंच्याऐंशी साल. आमच्या वाडीत मुलगी एवढी शिकलेली नव्हती. रत्नागिरीच्या कॉलेजात नाव लागलं, पण फी आधी भरायची होती. उत्पन्न कमी असेल त्यांना फी माफ, त्याला ईबीसी म्हणायचे. मात्र पैसे आधी भरा, तलाठ्याचा दाखला जोडून फॉर्म द्या, मंजूर झालं की भरलेले पैसे परत आणि पुढची फी माफ. नामंजूर झालं तर काहीच नाही. आमचे हे मुंबईला छापखान्यात होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, ती रेशन आणि औषधातच संपायची.

मी मोठ्या जाऊबाईंकडे, वहिनींकडे गेले. आमच्या चुली वेगळ्या, घर एकच, मध्ये कुडाची भिंत. वहिनींचे काजूच्या बियांचे पैसे असायचे, त्यांचे स्वतःचे.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे साठ."

"एवढ्यात गाभण शेळी येते गो. शेळी दूध तरी देईल. तुझी रंजू काय देणार?"

वहिनी आत गेल्या, भांड्यांचा आवाज झाला, बाहेर आल्या तेव्हा हातात फडक्याची पुरचुंडी होती.

"तुझ्या भावजींना कळता कामा नये. आणि माफी मिळाली की सगळे परत हवेत मला. दानधर्म नाय माझा."

मी मान हलवली. रंजू कॉलेजात जायला लागली. पहाटे उठून भाकरी बांधून द्यायचे, ती एसटीने हातखंब्यावरून रत्नागिरीला. संध्याकाळी आली की तिच्या ओढणीला प्रयोगशाळेतला कसला तरी आंबट वास यायचा. मला तो वास फार आवडायचा.

मग आम्ही दोघी दाखल्यासाठी तलाठी भाऊसाहेबांकडे गेलो. ते भले माणूस, पण मान वर न करता बोलायचे. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

"साठ कलमं. हापूस. सामाईक खातं."

रंजूने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"साठ कलमांचं उत्पन्न धरलं, वर मुंबईचा पगार धरला, तर तुम्ही माफीत बसतच नाय, बाई."

त्या साठ कलमांचं सांगायला हवं. रंजू लहान असताना थोरले भावजी खाली समुद्राकडच्या बागा बघून आले आणि त्यांना झोप लागेना. आपल्याही सड्यावर बाग करायची. तीन उन्हाळे त्यांनी पहार घेऊन कातळ फोडला. हाताच्या सालड्या जायच्या, वहिनी रात्री हळद-तेल लावायच्या. साठ खड्डे झाले. खालून माती वाहून भरली, कलमं लावली. त्या वेळचे तलाठी पीक पाहणीला आले, त्यांनी लिहून नेलं, साठ कलमं. भावजींनी त्यांना शहाळं पाजलं. पुढे दोन उन्हाळे मी आणि वहिनींनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेलं. तिसऱ्या वर्षी विहीरच आटली. कलमं एकेक करून वाळली. उरली ती गुरांनी खाल्ली. माती पावसाने धुऊन नेली.

कागदावरून मात्र कुणी पुसली नाहीत. मेली म्हणून लिहून द्यायचं म्हणजे हसं करून घ्यायचं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनाच ती हवी होती. गावच्या बैठकीत भावजींना लोक "साठ कलमांचे मालक" म्हणायचे. यांनी मुंबईत आमच्या बागेचं इतकं सांगून ठेवलं होतं, की दर वैशाखात बाजारातून आंब्याची पेटी विकत घ्यायचे आणि छापखान्यातल्या साहेबाला घरची म्हणून द्यायचे. हसायला येतं. पण मीही माहेरी कधी खरं सांगितलं नाही. वहिनीही नाही. मेलेल्या झाडांची आम्ही सगळ्यांनी मिळून राखण केली.

भाऊसाहेब म्हणाले, "झाडं नसतील तर चारही भावांचे जबाब द्या. मी जागेवर येतो, पंचनामा करतो, मग नवा दाखला. जबाबाशिवाय मी वहीला हात लावणार नाय."

चार भाऊ म्हणजे थोरले भावजी गावात, हे आणि दोघे धाकटे दीर मुंबईला. चौघे एका ठिकाणी सापडतात ते फक्त गणपतीत. आमचा गणपती गौरीबरोबर जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईवाले परत. त्याच दिवशी कॉलेजात फॉर्म घ्यायची शेवटची तारीख. आधी नाही, नंतर नाही. मी बोटांवर दिवस मोजायचे. भाकरी थापताना मोजायचे, कपडे पिळताना मोजायचे. मोजून ते वाढत नसत.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. अठरा वर्षं मी या घरात, पण भावजींशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर वहिनींना, नाहीतर पोरांना, आणि त्यांचंही तसंच. मी वहिनींना सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्या कुसुमच्या लग्नाचं हेदवीकडच्या एका घरी चाललं होतं. त्या लोकांना साठ कलमांचं सांगून झालं होतं. गणपती झाले की ते कळवणार होते.

ओटीवरून भावजींचा आवाज आला, मला ऐकू यावा असा.

"तिला सांग, कुसुमचं ठरू दे. मग बघू काय ते."

"तोपर्यंत तारीख जाईल," मी आत हळूच म्हटलं. वहिनींनी ते बाहेर नेलं नाही. त्या विळीवर नारळ खवत राहिल्या. त्यांच्या पोरीचं लग्न माझ्या पोरीच्या कागदात अडकलं होतं, त्यांनी तरी काय करावं? मला त्यांचा राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

हे आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चिखलाने भरलेल्या पायांनी. मी पाणी दिलं आणि तिथेच सगळं सांगितलं. यांनी तोंड पुसलं, फडका बराच वेळ तोंडावरच धरला.

"दादासमोर मी कसा बोलू? पुढच्या वर्षी भरू की फॉर्म."

"पुढच्या वर्षी कॉलेज असेल तर ना. दुसऱ्या सहामाहीची फी कुठली आणायची?"

हे पायाचा चिखल धुवायला उठले. रंजू दारात कंदिलाची काच पुसत होती. ती म्हणाली, "आई, मी जाते काजूच्या कारखान्यात. शेजारची सुमन जातेय ना, तिच्याबरोबर." रडली नाही. काच पुसतच राहिली, स्वच्छ झाली होती तरी. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या गणपतीचे दिवस मला आवाजातच आठवतात. टाळ, आरती, बायकांच्या फुगड्या, माजघरात मोदकांच्या उकडीचा फसफस आवाज, आणि मध्येच ओटीवर कुणी तरी म्हणायचं, "साठ कलमांचे मालक, पान घ्या." दर वेळी माझ्या हातातली पारी फाटायची. वहिनी बघायच्या. दुसरी उकड पुढे सरकवायच्या. एक दिवस गेला. दुसरा गेला.

तिसऱ्या दिवशी गौरी आणायच्या होत्या. आमच्याकडे गौर तेरड्याची. बायका सड्यावर जाऊन तेरडा उपटून आणतात, वाजत-गाजत घरी घेतात. आम्ही निघायच्या तयारीत, हातात ताटं, आणि तलाठी भाऊसाहेब दर्शनाला आले. गावात सगळ्यांच्या घरी जायचे ते. नमस्कार केला, ओटीवर बसले, चहा घेतला. चौघेही भाऊ तिथे होते. भाऊसाहेब सहज म्हणाले, "त्या दाखल्याचं काय झालं? बाई आल्याच नाहीत परत."

यांनी खाली बघितलं. भावजी म्हणाले, "देवाच्या दिवसांत कागद नकोत, भाऊसाहेब."

मी दारात उभी होते. मी कशी बोलले, अजून कळत नाही. पदर डोक्यावर होता, नजर भाऊसाहेबांच्या छत्रीवर होती.

"भाऊसाहेब, आम्ही सड्यावरच चाललोय तेरड्याला. कागद नको. नुसते बघायला तर या."

कुणी तरी आतून "अगो बाय!" म्हणालं. भाऊसाहेब उठले. भावजींकडे न बघता मी चालायला लागले. मागे पावलं ऐकू येत होती, पण किती जणांची ते वळून बघायची हिंमत झाली नाही. चढ संपेपर्यंत मला वाटत होतं, आता मागून आवाज येणार, "परत फीर." आला नाही.

सडा फुलला होता. आणि त्या फुलांत खड्डे. चौकोनी, सरळ कडांचे, काठोकाठ पाण्याने भरलेले. आभाळ त्यांत दिसत होतं. आमच्या पावलांनी बेडूक टुपटुप उड्या मारायला लागले. एकही झाड नाही, काटकी नाही.

भाऊसाहेबांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. रांगेने जात होते, तोंडाने पुटपुटत. बायका तेरडा काढायचं सोडून बघत होत्या.

"अठ्ठावन," भाऊसाहेब म्हणाले. "अठ्ठावन खड्डे. झाडं नाहीत."

आणि मागून भावजींचा आवाज आला.

"साठ!"

ते वर आले होते, अनवाणी, धापा टाकत. "दोन त्या करवंदीच्या जाळीमागं हायत. तिकडचा कातळ कसा होता विचारा कुणालाही. एकेका खड्ड्याला चार चार दिवस गेलेत माझे. अठ्ठावन कसले लिहिता?"

भाऊसाहेब जाळीमागे जाऊन आले. "बरोबर. साठ."

"मग!"

"खड्डे साठ. कलमं?"

भावजींनी पाण्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. मग मी म्हटलं, आणि या वेळी भावजी ऐकतायत हे माहीत असून म्हटलं, "भावजींनी हातांनी खोदलेत. दोन उन्हाळे आम्ही दोघींनी पाणी घातलं. विहीर आटली त्याला कोण काय करणार? लिहायचं तर तेही लिहा, भाऊसाहेब."

"तेही लिहितो," ते म्हणाले.

खाली येताना आमच्या हातात तेरड्याच्या जुड्या होत्या, पण वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मग वहिनींनीच गाणं धरलं, त्यांचा आवाज बसका, आणि सगळ्या मागोमाग.

गौर घरात घेतली, पूजा झाली, आणि भाऊसाहेबांनी ओटीवर बसून पंचनामा लिहिला. शेजारचे दोघे पंच म्हणून बसले. भावजी खांबाला टेकून होते. म्हणाले, "हेदवीला कळेल हे."

दारातून वहिनी बोलल्या, सगळ्यांसमोर. "कळू दे. वैशाखात जावई आंब्याची पेटी मागेल तेव्हा काय, बेडूक भरून पाठवणार?"

धाकटे दीर फस्सकन हसले. मग पंच हसले. भावजी हसले नाहीत, पण त्यांनी खांबाचा टेका सोडला, पुढे येऊन बसले. कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. त्यांना सहीपुरतंच येत होतं. इतकी वर्षं सगळे कागद त्यांनी न वाचताच केले होते.

"रंजूचे आई," ते म्हणाले. मला. सरळ मला. "हे वाच बघू. साठच लिहिलंन ना?"

मी उंबऱ्याशी बसले आणि वाचलं. जोडाक्षराला अडखळले, एक शब्द दोनदा म्हटला. "सदर जागी कातळात खोदलेले साठ खड्डे आढळले. कलमे पाण्याअभावी मृत." पाण्याअभावी म्हणताना मी वहिनींकडे बघितलं. भावजींनी सही केली, मग यांनी, मग दोघा दिरांनी. शाई वाळेपर्यंत मी कागदावर फुंकर घालत होते, नको म्हटलं तरी.

पण सुटका अजून व्हायची होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा नवा दाखला घेऊन मी आणि रंजू खाली रस्त्यावर उभ्या राहिलो. मुंबईला परत जाणाऱ्या माणसांनी गाड्या खचाखच, एकही एसटी आमच्यासाठी थांबेना. हात दाखवून दाखवून खांदा भरून आला. शेवटी हातखंब्यापर्यंत चालत गेलो, तिथून चिऱ्याच्या ट्रकमध्ये पुढे, लाल धुळीत बसून. मामलेदार कचेरीत शिक्क्यासाठी दोन तास. कॉलेजच्या खिडकीशी पोचलो तेव्हा कारकून कागद गोळा करून दोरी बांधत होते.

त्यांनी आमच्याकडे, आमच्या लाल झालेल्या कपड्यांकडे बघितलं आणि दोरी सोडली. एकेक कागद पाहिला.

"पालकांची सही?"

सकाळी यांना गाडीत बसवताना ती राहूनच गेली होती.

"वडील मुंबईला गेले," रंजू म्हणाली.

"मग आईची घ्या. आई आहे ना?"

मी आयुष्यातली पहिली सही त्या कागदावर केली. खिडकीच्या फळीवर कागद ठेवून, मान तिरपी करून. कारकून थांबून राहिले, घाई केली नाही. तेवढं मी त्यांचं कधी विसरले नाही.

हेदवीहून पुढे काही कळवलंच नाही. वहिनी दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलत. कुसुम मला एकदा विहिरीवर म्हणाली, "काकी, मला तो मुलगा तसा पण आवडला नव्हता, त्याचे कान फार मोठे होते." खरं की माझं मन राखायला, देवाला माहीत. पुढल्या वर्षी तिचं लग्न हातखंब्याला झालं. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. तिथे कुणी कलमांची चौकशी केली नाही.

रंजू आता दापोलीला नोकरी करते, प्रयोगशाळेतच. परवा येईल. तिच्या ओढणीला अजून तसाच वास येत असेल काय, असं मनात येतं.

त्या वर्षी माफी दिवाळीनंतर मंजूर झाली, पण पैसे हातात यायला फाल्गुन उजाडला होता. रंजूने पाकीट आणून माझ्या हातात दिलं, आणि मी डब्यातली एक नोट त्यात घालून कुडाच्या पलीकडे गेले. वहिनी खळ्यात कुळीथ झोडत होत्या. भावजीही तिथेच दोर वळत बसलेले. मी थबकले, पाकीट पदराखाली घेतलं.

"आण इकडे," वहिनी म्हणाल्या. "ठाऊक हाय त्यांना. दसऱ्यालाच सांगितलं मी."

भावजी दोर वळत राहिले. वहिनींनी हात झटकले, अंगठा ओला केला आणि नोटा मोजल्या. शेवटी एक दहाची नोट उरली, ती त्यांनी उचलून धरली.

"ही कसली?"

"उशीर झाला, म्हणून..."

"मी काय सावकार हाय?" त्यांनी ती नोट माझ्या मांडीवर टाकली. "दोनशे साठ दिले, दोनशे साठ आले. फिटले."

"फिटले," भावजी मान वर न करता म्हणाले.